प्रकरण अकरावे : बसून दाखवा

निकाल दादांनी सकाळी दाढी करतानाच लावून टाकला होता. दुपारची बैठक त्यांच्या लेखी फक्त तो जाहीर करण्यापुरती होती. भिंगरी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, कुठेही जाणार नव्हती.

नाटक शिकवणाऱ्या शाळेत तिची निवड झाली, हे त्यांना मान्य होतं. ऐकलं तेव्हा त्यांना क्षणभर बरंही वाटलं होतं. एवढ्या पोरांतून आपल्या घरातलं पोर उचललं गेलं म्हणून वखारवाल्याला त्यांनी ते दोनदा सांगितलंही होतं. पण निवड होणं वेगळं आणि जाणं वेगळं. होकार आज संध्याकाळी, शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. म्हणून दादांनी आखणी सोपी ठेवली. जेवणं उरकायची, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं, मग नाही म्हणायचं आणि चहा ठेवायला सांगायचा.

बैठक घराला लागूनच असलेल्या कारखान्यात भरली. या घराण्याचे सगळे मोठे निर्णय खुर्च्यांच्या कारखान्यातच झाले होते. बापूचं लग्न इथेच ठरलं, आत्याचं इथेच मोडलं, आणि छप्पर कोसळलं त्या वर्षी धंदा चालू ठेवायचा की नाही याचा फैसलाही इथेच, छपराविना, उन्हात बसून झाला होता. कारण साधं होतं, इथे प्रत्येकाला खुर्ची मिळायची. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी लेथ बंद असे, भुसा झाडून कोपऱ्यात लोटलेला असे, आणि अर्धवट तयार खुर्च्यांपैकी जी बरी वाटेल ती ओढून जो तो बसे.

दादांचे वडील अण्णा भिंतीजवळच्या आरामखुर्चीत होते. जेवणानंतर त्यांचे डोळे मिटत. ते झोपलेत की ऐकतायत हे आजवर कोणालाही ओळखता आलं नव्हतं. भिंगरीचे वडील बापू यांनी बिनपाठीचं स्टूल घेतलं होतं. बापू नेहमीच अशी जागा धरी, की उठून पटकन दुसऱ्या बाजूला जाता यावं.

बाजूंचा अंदाज दादांनी आधीच घेतला होता. धाकटी, म्हणजे बापूची बायको, त्यांच्याकडून होती. मुलगी परगावी राहणार या नुसत्या कल्पनेने ती आठवडाभर भांडी आपटत होती. वहिनी, म्हणजे दादांची स्वतःची बायको, लग्नापासून त्यांच्याच बाजूची होती. निदान दादांनी तसं धरून चालवलं होतं. बापू जो शेवटी बोलेल त्याच्याकडे झुकणार, आणि शेवटी बोलणार दादाच. प्रश्न होता तो फक्त आत्याचा. आत्या ही दादा-बापूंची बहीण, पण घरातली पोरं आत्या म्हणतात म्हणून भाऊही तिला आत्याच म्हणू लागले होते. शाळा ज्या शहरात होती तिथलं खुर्च्यांचं दुकान ती चालवायची आणि दुकानावरच राहायची. वर तिच्याकडे एक जादा खोली होती. भिंगरीला राहायला दुसरी जागाच नव्हती. पण त्या खोलीत दादांनी पाठवलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, आणि दादांच्या शब्दाशिवाय त्यातली एकही हलत नसे. म्हणजे तोही दरवाजा बंद.

खरं कारण दादा कोणाला सांगत नव्हते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. वेत भिंगरीच्या हाताचं ऐकायचा. तिने विणलेल्या बैठकीवर बोट वाजवलं तर डफासारखा आवाज यायचा. दादांचा मुलगा औषधांच्या कंपनीत गेला होता आणि खुर्चीवर बसताना तिच्याकडे पाहतही नसे. अण्णांच्या हातातलं विणकाम दादांच्या हातात आलं होतं. ते पुढे न्यायला आता या घरात एवढीच दहा बोटं होती, आणि ती नाटकाला निघाली होती.

आधी धाकटीने रडून घेतलं. मग आत्याने शाळेचं कौतुक केलं, पण खोलीचा विषय निघताच तिने दादांकडे असं पाहिलं, की कुलूप माझं असलं तरी किल्ली याच्याकडे आहे. बापूने दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. मग दादा बोलायला उठले. त्यांनी तयारी केली होती. त्या शाळेत शिकून आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, पहिल्या वर्षी काय काय शिकवतात म्हणून.

"उभं राहायला शिकवतात," दादा म्हणाले. "मग चालायला. श्वास घ्यायलासुद्धा."

बापूला हसू आलं. धाकटीनेही डोळे पुसता पुसता ओठ दाबले. दादांना बळ आलं.

"आणि बसायला. खुर्चीवर बसायला शिकवतात. अरे, आपण खुर्च्या करतो. चार पिढ्या या घरात दुसरं काय चाललंय? बसायचं शिकायला आपल्या पोरीने परगावी जायचं? उद्या लोक विचारतील, घरी खुर्च्या नव्हत्या का?"

आता सगळेच हसले. आत्यासुद्धा. दादांना वाटलं, झालं. चहा ठेवायला सांगावा.

भिंगरी तोवर एका उलट्या खोक्यावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं होतं, आणि आज ती इतकी स्थिर होती की दादांनी तिला जवळजवळ हिशेबातच धरलं नव्हतं. ती उठली.

"काका, तुम्ही बसून बघितलंत?"

"कशावर?"

"आजोबा," ती अण्णांकडे वळली, "आपला नियम काय आहे?"

अण्णांनी डोळे न उघडता सांगितलं, "बसल्याशिवाय बोलायचं नाही."

नियम अण्णांच्या वडिलांचा. खुर्चीवर स्वतः बसल्याशिवाय तिच्याबद्दल बरंवाईट बोलायचा कोणालाही हक्क नाही, मग तो मालक असो की गिऱ्हाईक. कारखान्यात सुरू झालेला हा नियम पुढे घरात शिरला आणि बोकाळला. पोरांना कडू औषध द्यायचं तर आधी मोठ्यांनी प्यायचं. स्कूटर घ्यायची ठरली तेव्हा आजीलाही ती चौकापर्यंत चालवायला लावली होती. वहिनींचं स्थळ सांगून आलं तेव्हा अण्णा कसलंसं निमित्त काढून त्यांच्या माहेरी चार दिवस राहून आले, आणि मगच हो म्हणाले. या नियमाला अजून कोणी नाही म्हटलं नव्हतं. दादांनी तर तो दुसऱ्यांवर इतक्यांदा चालवला होता, की आज तो आपल्यावरच उलटू शकतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"प्रवेशाच्या वेळी आम्हाला जे करायला लावलं तेच," भिंगरी म्हणाली. "या दारातून आत यायचं. ही खुर्ची. तिच्यावर बसायचं. कोणीतरी येणार आहे, त्याची वाट बघायची. बोलायचं नाही. मी टाळी वाजवली की संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. ज्यांना जमेल त्यांनी खुशाल नाही म्हणावं. मी विणायला बसते."

दादांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी पदराने स्वतःची खुर्ची पुसत होत्या, म्हणजे त्या आधीच प्रेक्षक झाल्या होत्या.

"टाकतो उरकून," दादा म्हणाले आणि बाहेर गेले.

बाहेर अंगणात लाकडाच्या फळ्या वाळत घातलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत दादा क्षणभर थांबले. वाट बघायची. त्यात काय बघायचं? ते आत आले, खुर्चीशी गेले, बसले आणि वाट बघू लागले. सगळं अगदी व्यवस्थित चाललं आहे असं त्यांना वाटत होतं. कोणीतरी येणार आहे, आपण बसलो आहोत, अजून आलेलं नाही.

टाळी वाजली तेव्हा खुर्ची त्यांच्या मांडीवर उलटी होती आणि ते तिच्या मागच्या पायाच्या सांध्यात नख घालून बघत होते. ती मांडीवर कशी आली हे त्यांना सांगता येईना. ते स्वतः कशावर बसले आहेत हेही क्षणभर कळेना. खाली पाहिलं तर बापूचं स्टूल होतं, आणि बापू भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून गदगदत होता.

"कोणाची वाट बघत होतात, काका?" भिंगरीने विचारलं. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

"बघत होतो की," दादा म्हणाले. "पण याचा सरस नीट लागलेला नाही. कोणी जोडली ही?"

धाकटी, जी मघाशी रडत होती, ती खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हसू लागली. आत्याने दादांची नक्कल सुरू केली: आल्याबरोबर खुर्चीच्या हातांवर थापटी, मग पुढे-मागे झुलणं, मग खाली वाकून कान लावणं. "अरे, कान लावलास तू तिला! डॉक्टरने छातीला लावावा तसा!"

दादांनी असलं काही केल्याचं साफ नाकारलं. बापू म्हणाला, मी करून दाखवतो, दादाला साधं बसता येत नाही. तो रुबाबात बाहेर गेला आणि दार ढकलून आत आला. दार करकरलं. बापू थांबला. त्याने दार पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं, बिजागरीकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेला. लोक वाट बघत राहिले. थोड्या वेळाने तो तेलाची कुपी घेऊन आला, बिजागरीत तेल सोडलं, दार चार वेळा हलवून बघितलं आणि आवाज येत नाही याचा त्याला इतका आनंद झाला, की तो हात पुसत थेट प्रेक्षकांत येऊन उभा राहिला.

"झालं?" भिंगरीने विचारलं.

"झालं. बघ, आता अगदी गप्प आहे." मग सगळ्यांचे चेहरे पाहून तो म्हणाला, "बसायचं राहिलं का?"

आता आत्याला राहवेना. या दोघांचं सोड, ती म्हणाली, हे आयुष्यभर लाकडाशी बोलले. मी रोज माणसांसमोर बसते. ती आली ती खरोखरच ऐटीत. बसली, एक हात खुर्चीच्या हातावर ठेवला, मान किंचित तिरकी. धाकटीने मान हलवून दाद दिली. दादांना पहिल्यांदा धास्ती वाटली. मग आत्याचा हात खुर्चीच्या हातावरून हळूहळू फिरू लागला, चेहऱ्यावर एक गोड हसू पसरलं, आणि समोरच्या अण्णांकडे झुकून ती मऊ आवाजात म्हणाली, "यात गडद रंगही येतो."

अण्णांनी एक डोळा उघडला. "घरपोच देता का?"

"देतो ना."

मग हशाला धरबंध राहिला नाही. आत्याने स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. बोलायचं नव्हतं, विसरलेच, ती म्हणत होती, पण समोर कोणी रिकामं बसलेलं दिसलं की माझी जीभ आपोआप सुटते. धाकटीला बळेच दाराबाहेर काढण्यात आलं, पण ती आत आलीच नाही. दाराआडून फक्त तिचं हसणं ऐकू येत होतं, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं, दबलेलं, थरथरणारं. दार उघडायचं, तिचा एक हात दिसायचा आणि दार बंद व्हायचं. बापूने बाहेर जाऊन पाहिलं तर ती फळ्यांवर बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. मग तोही तिथेच बसला. दोघांचं हसणं आता अंगणातून येऊ लागलं.

"तुम्ही, काकू?" भिंगरी म्हणाली.

वहिनींनी नको नको म्हणत हात हलवले आणि उठल्या. बाहेर जाऊन आल्या. आल्या, बसल्या, पदर मांडीवर नीट केला. दाराकडे एकदा पाहिलं. मग हातांकडे. मग पुन्हा दाराकडे, पण या वेळी जरा कमी आशेने. काही केलं नाही त्यांनी. एकदा ओठ किंचित हलले, जणू काही म्हणायचं होतं आणि ते येणाऱ्यासाठी राखून ठेवलं. टाळी वाजली तरी कोणी हसलं नाही.

"काकू," भिंगरी हळूच म्हणाली, "हे कसं केलंत?"

"कुठे काय केलं? वाढून ठेवलं की हे येईपर्यंत बसते ना रोज? तशी बसले."

दाराशी परत आलेल्या बापूने दादांकडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं. अण्णांनी दुसरा डोळाही उघडला. दादांना खुर्चीचा पाय पुन्हा तपासावासा वाटू लागला.

"रोज?" ते म्हणाले.

"सुट्टीच्या दिवशी नाही," वहिनी म्हणाल्या. आणि स्वतःच खुदकन हसल्या; त्या हसण्यात त्या दादांच्या बाजूने उरल्या नाहीत हे कोणालाही कळलं असतं.

हे दादांच्या जिव्हारी लागलं. बायकोला जमतं आणि आपल्याला नाही, हे मुकाट्याने घरी घेऊन जाण्यासारखं नव्हतं. मला पुन्हा एकदा करू द्या, ते म्हणाले. या खेपेला त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले, म्हणजे खुर्चीला लागणार नाहीत. हात मागे बांधून खुर्चीवर बसता येत नाही हे बसल्यावर कळलं. तिसऱ्यांदा ते हात गुडघ्यांवर ठेवून, मान ताठ, नजर समोर, असे बसले.

मग बापू म्हणाला, "दादा, दाढ काढायला आलायस का?"

दादांना हे ऐकू आलं. त्यांनी चेहरा तसाच ठेवण्याची शिकस्त केली. पण पोटात कुठेतरी खालून काहीतरी हललं, तिथून वर आलं, नाकातून निसटलं आणि मग थांबवता येईना. घरात त्यांचं हसणं इतकं विरळ होतं, की धाकटी धावत आत आली. तिला वाटलं त्यांना ठसका लागला. दादा खुर्चीवर वाकून हसत होते. दाढ, ते म्हणत होते, दाढ काढायला, आणि पुढचं वाक्य जुळेना. आत्याने पाणी आणलं ते तिच्याच हातातून सांडलं. अण्णा आरामखुर्चीत हलत होते, त्यांच्यासोबत खुर्चीही, आणि ती करकरत होती. त्या आवाजाकडे बापूचं लक्ष गेलं. तो तेलाची कुपी शोधू लागला, आणि ते पाहून सगळे पुन्हा पहिल्यापासून हसायला लागले.

चौथ्यांदा, पाचव्यांदा. दाराशी आता ओळ लागली होती. धाकटी म्हणाली, मला जमणार आहे, पण माझ्याकडे बघू नका. आत्या म्हणाली, मला तोंडाला रुमाल बांधा. बापूला आत सोडताना दार उघडंच ठेवण्यात आलं, म्हणजे बिजागरीचा प्रश्न येणार नाही. तो नीट खुर्चीपर्यंत पोचला, बसला, आणि नेमका सांधा ढिला असलेल्या बाजूला कलला. पडला नाही, पण पडलाच असता तर बरं दिसलं असतं असं सगळ्यांचं मत पडलं.

"आता तू," अण्णा म्हणाले. ते भिंगरीला म्हणत होते.

भिंगरी बाहेर गेली. हसणं अजून इकडेतिकडे शिल्लक होतं. कोणी डोळे पुसत होतं, कोणी बरगडी धरून होतं. ती आत आली. खुर्चीशी येऊन बसली. दादा बारकाईने बघत होते. चूक शोधायला बघत होते, विणकाम तपासताना बघायचे तसे. तिचा हात खुर्चीला लागला आणि तिथेच राहिला. तिने पाय थोडे आत घेतले. आधी ती खुशीत होती, हे दिसत होतं; जो येणार तो आवडता होता. मग उशीर होऊ लागला. तिने काहीच केलं नाही, तरी उशीर होऊ लागला, हे दादांना शपथेवर सांगता आलं असतं. तिने मान वर केली. बाहेर काही वाजलं का? बाहेर काहीच वाजलं नव्हतं. तरी आत्याने मान वळवली. वहिनींचा हात पदराशी गेला. दादांना आपण श्वास धरून बसलो आहोत असं जाणवलं.

आणि बापू उठला, चार पावलं गेला आणि त्याने दार उघडलं.

बाहेर अंगण होतं. फळ्या होत्या. दुसरं कोणी नव्हतं.

बापू दाराची कडी धरून उभा राहिला. "मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला. "कोणीतरी आलंय असं वाटलं."

टाळी वाजवायचं कोणाला सुचलंच नव्हतं, म्हणून भिंगरीने स्वतःच वाजवली, हलकीशी. तिचे गाल लाल झाले होते. आता ती पुन्हा एक घाबरलेली पोरगी होती आणि दादांकडे बघत होती. घड्याळाकडे मात्र तिने पाहिलं नाही. दादांनी पाहिलं. शाळेचं ऑफिस बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता.

आता सगळेच दादांकडे बघत होते आणि त्या नजरांत मघाची एकही बाजू उरली नव्हती. धाकटी लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली होती, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून. ते हात थांबवायला होते की ढकलायला, हे बहुधा तिलाही ठरवता येत नव्हतं.

शेवटी दादांनी सगळ्यांना ठाऊक असलेली ती गोष्ट सांगून टाकली.

"वेत कोण विणणार?"

भिंगरीलाही तेच टोचत होतं हे दिसत होतं. ती खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ आली.

"काका, मी तुमच्याकडे शिकायला बसले तेव्हा पहिलं वर्षभर तुम्ही मला नुसता वेत भिजवायला लावलात. भिजवायचा, काढायचा, बोटांनी बघायचा. मी रोज रडायचे. विणू द्या म्हणायचे."

"मग? भिजलेला कळल्याशिवाय विणणार कशी?"

"तिथे तेच आहे. विणायच्या आधी भिजवायला शिकवतात."

उभं राहायला, चालायला, श्वास घ्यायला, बसायला. मघाशी जे वाक्य इतकं रंगलं होतं ते दादांनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, आणि आता त्यात हसण्यासारखं काही सापडेना. ते पाच वेळा दारातून आले होते. त्यातल्या एकाही खेपेला कोणी त्यांच्यासाठी दार उघडायला उठलं नव्हतं.

"किती वर्षं शिकवतात?"

"तीन."

"पुरतील?"

आत्या मोठ्याने हसणार होती. वहिनींनी तिचा दंड धरला. भिंगरी मात्र हसली नाही. तिने खरोखर विचार केला. मग म्हणाली, "नाही पुरणार. पण सुरुवात होईल."

हे उत्तर दादांना आवडलं. अण्णांना त्यांनी स्वतः, याच वयात, असंच काहीसं उत्तर दिलं असतं तर अण्णांनाही आवडलं असतं. वेताचं त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मान वळवून ते आत्याकडे बघत म्हणाले, "वरची खोली किती भरलीय?"

"तुला माहीत नाही? खिडकी कुठल्या बाजूला आहे ते मी विसरले."

"टेम्पो पाठवतो. सगळ्या खुर्च्या इकडे पाठवून दे." मग थोडं थांबून ते म्हणाले, "एक राहू दे. हिला सरावाला लागेल."

"कुठली ठेवू?"

"वेताची. हिनेच विणलेली. आणि सांधा बघून घे."

पुढचे काही क्षण दादांना नीट आठवले नाहीत. भिंगरीने त्यांना मिठी मारली ती त्यांचा चष्मा कपाळावर जाईल इतक्या जोरात. धाकटी पुन्हा रडू लागली आणि रडता रडता तिला मघाचं दार आठवलं, मग ती हसू लागली आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. बापू सगळ्यांना सांगत सुटला, की तो पहिल्यापासून याच मताचा होता. वहिनी चहा ठेवायला निघाल्या आणि जाता जाता दादांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या, कोणाला दिसणार नाही असा. कारखान्यात फोनला रेंज नीट मिळत नसे; ती कोपऱ्यावरच्या वळणाशी मिळायची. भिंगरी फोन घेऊन धावत सुटली, चपला न घालता.

दादा दाराशी गेले. ती गल्लीतून पळत होती, मधेच एकदा गोल फिरली, पुन्हा पळू लागली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. ऑफिस उघडं असेल ना? कोणी फोन उचलेल ना? दादा मागे वळले, जवळ असलेल्या पहिल्या खुर्चीवर बसले आणि उघड्या दारातून वळणाकडे बघत राहिले. टेम्पोवाल्याशी बोलायला हवं, त्यांच्या मनात आलं. खोलीत हवा येते का, हे आत्याला विचारायला हवं. खुर्च्या इकडे आल्या तरी ती बसते ते खोकं तसंच राहू दे, ती सुट्टीला आली की लागेल. वळणाशी एक सायकल दिसली, भिंगरी नव्हे. मग एक बाई पिशवी घेऊन गेली. दादांनी मान थोडी पुढे काढली. तीन वर्षं म्हणजे या वळणाकडे असं किती वेळा बघायचं.

मागे आवाज येईनासा झाला होता हे त्यांना उशिरा कळलं. बापू बोलायचा थांबला होता. वहिनी चहाचा ट्रे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. आत्या, धाकटी, सगळे दादांकडे बघत होते आणि कोणीही हसत नव्हतं. दादांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते. खुर्ची सरळ होती, ढिल्या सांध्याची, तीच, आणि त्यांनी तिला बोटही लावलं नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले. "उठू नकोस. अजून आली नाही ती."